ग्लायफोसेट हातातून गेलं, आता कपाशी-सोयाबीनमधल्या तणाचं काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वाशीमकडची बारा एकर भारी काळी जमीन. पाच एकरांत कपाशी आणि तिच्यात तुरीचे तास (ओळी), सात एकरांत सोयाबीन आणि त्यामागे हरभरा. अर्ध्या एकरात हराळी माजलेली. आजवर पेरणीआधी एकदा, ऑगस्टमध्ये कपाशीच्या दोन तासांमधून एकदा आणि धुऱ्यावर (बांधावर) लागेल तसं तुम्ही ग्लायफोसेट हे तणनाशक मारत आलात. आता एक दुकानदार म्हणतो बंदी आहे, दुसरा बिलाशिवाय बाटली देतो. तुम्हाला हवंय एकच नाव, ग्लायफोसेटच्या जागी चालेल असं.

तसं एक नाव नाही. कारण ते औषध तुमच्याकडे तीन वेगळी कामं करत होतं: पेरणीआधीचं रान साफ करणं, उभ्या कपाशीत झडीनंतर (लागून राहिलेल्या पावसानंतर) माजलेलं तण जाळणं, आणि हराळी-कुंद्यासारखं मुळापासून मरत नाही ते तण मारणं. पहिल्या कामाला सोपा पर्याय आहे, दुसऱ्याला आहे पण त्याची तयारी जूनमध्येच करावी लागते, आणि तिसऱ्याला खरंच तोडीचा पर्याय नाही. तिथे एकदोन वर्षं चिकाटीनं काम करावं लागतं.

कायद्याचं आधी उरकतो. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात ग्लायफोसेटवर सरसकट बंदी नाही, वापरावर निर्बंध आहे. ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरच्या हातून वापरायचं. हा माणूस शहरात वाळवी-झुरळांची कामं करतो; तुमच्या धुऱ्यावर तो कुठून येणार? म्हणजे कागदावर निर्बंध, पण शेतकऱ्यापुरती बंदीच. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या आदेशाच्या आधीही आपल्या देशात ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढंच होतं. कपाशीच्या तासांत ते मारण्याची परवानगी कधीच नव्हती, सगळे मारत होते एवढंच.

बिलाशिवायची बाटली घेऊ नका. नियमाचा भाग बाजूला ठेवला तरी आत काय आहे ते कळायला मार्ग नाही, आणि शेजारच्या कपाशीवर उडालं तर तक्रार करायला कागद नाही. ‘चोर बीटी’ म्हणून चोरून विकल्या जाणाऱ्या कपाशीच्या बियाण्याचंही तेच. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला देशात मान्यता नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला आंदोलन म्हणून तिची जाहीर लागवड झाली, तरी मान्यता मिळालेली नाही. ज्या औषधावर ते बियाणं उभं आहे तेच औषध कायद्यानं हातात नाही, मग त्या बियाण्याचा जादा पैसा कशासाठी द्यायचा? औषध कॅन्सर करतं की नाही हा वाद इथे उकरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि युरोपीय संघानं २०२३ मध्ये त्याच ग्लायफोसेटला आणखी १० वर्षं मुदत दिली. यातलं काहीही खरं धरलं तरी तुमच्या यंदाच्या हंगामाचं नियोजन बदलत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. माझ्या मते तुमचा प्रश्न ग्लायफोसेटचा नाही, झडीचा आहे. काळ्या जमिनीत दहा-बारा दिवस पाऊस लागून राहिला की डवरा (बैलाचं कोळपं) चालत नाही, बाया निंदायला शिरू शकत नाहीत, आणि वापसा येईपर्यंत, म्हणजे माती कामाजोगी सुकेपर्यंत, तण गुडघ्याला लागलेलं असतं. तेव्हा सगळ्या गावाला एकाच आठवड्यात मजूर हवे असतात. त्या आठवड्यासाठीच माणूस ग्लायफोसेटकडे वळला. ते कितीही मोठं तण मारायचं, म्हणून उशीर झाला तरी चालायचं. बाकी जी औषधं आता हातात आहेत ती उशीर खपवून घेत नाहीत. तण दोन ते चार पानांवर असताना ती काम करतात, वीतभर झालं की पानं करपतात आणि आठ दिवसांत खोडातून पुन्हा फूट येते. म्हणून खर्चाचा आणि कष्टाचा जोर ऑगस्टवरून काढून मे-जूनवर आणावा लागेल.

सुरुवात उन्हाळ्यापासून. नांगरणी दरवर्षी करायची गरज नाही, पण हराळी किंवा कुंदा असेल त्या तुकड्यात एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळं तशीच उन्हात तापू द्या. तिथे लगेच रोटाव्हेटर फिरवू नका. ओल असताना हराळीत रोटाव्हेटर घालणं म्हणजे हराळीची लागवड करणं. एका काशीचे (जमिनीतल्या खोडाचे) वीस तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा डोळ्यातून फुटतो. बाकीच्या रानात मेअखेर वखराची एक पाळी पुरते.

मग खरी युक्ती. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की सगळ्यांना पेरायची घाई होते. शक्य असेल तर सोयाबीनच्या रानात त्या पावसावर तण उगवू द्या. सात-आठ दिवसांत रान हिरवं दिसायला लागतं. तेव्हा वखराची उथळ पाळी द्या, दोन इंचांपेक्षा खोल नाही, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेरा. उथळ यासाठी, की खोल गेलात तर खालचं नवीन बी वर येतं आणि केलेली मेहनत वाया जाते. पूर्वी पेरणीआधी ग्लायफोसेट मारून तुम्ही जे साधत होता ते वार्षिक तणांच्या बाबतीत या एका पाळीनं साधतं. अडचण अशी की यासाठी पावसानं दहा दिवसांत दुसरा डाव द्यायला हवा. मृग कोरडा गेला आणि जून संपत आला असेल तर हा नाद सोडा. उशिरा पेरलेल्या सोयाबीनचं नुकसान तणाच्या नुकसानीपेक्षा मोठं असतं. सातपैकी तीन-चार एकरांत करून बघा, सगळ्यात नको.

झडीवरचा खरा उतारा म्हणजे उगवणीपूर्वीचं तणनाशक. त्यानं पहिले २५-३० दिवस धरून ठेवले तर मधली झड निभते. कपाशी, तूर, सोयाबीन तिन्हींत चालणारं आणि सहज मिळणारं म्हणजे पेंडिमेथॅलिन. ३८.७ टक्के सीएस (सूक्ष्म कुप्यांतलं औषध) एकरी ७०० मिली, किंवा ३० टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारं तेलकट औषध) एकरी १ ते १.३ लिटर. भारी जमिनीत वरचं प्रमाण धरा, कारण चिकणमाती औषध धरून ठेवते. ईसीपेक्षा सीएस थोडं महाग, पण उन्हात आणि काडीकचऱ्यावर कमी वाया जातं, म्हणून तुमच्यासाठी तेच बरं. पेरणी किंवा ठोकणीनंतर (हातानं बी टोचल्यावर) ४८ तासांच्या आत, जमीन ओली असताना. ‘पेंडिमेथॅलिन मारलं पण काहीच फरक नाही’ असं जे ऐकू येतं त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: धूळपेरणी केली आणि कोरड्या मातीवर मारलं, मुठीएवढी ढेकळं राहिली आणि त्यांच्या खालची माती सुटली, किंवा पाणी कमी वापरलं. एक चौथंही आहे. उगवलेल्या तणाला ते मारत नाही, त्यामुळे पेरताना जे हिरवं दिसतंय ते आधी वखरानंच गेलं पाहिजे.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मे पैसे इथेच जातात. ‘पंपाला किती मिली?’ हा प्रश्नच चुकीचा आहे; प्रत्येकाची चाल आणि नोझल वेगळं. पंपात मोजून साधं पाणी भरा, १० मीटर बाय १० मीटर जागा आखा, नेहमीच्या चालीनं फवारा आणि किती पाणी संपलं ते मोजा. त्याला ४० नं गुणलं की एकराचं पाणी. ५ लिटर लागलं तर एकरी २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे साधारण तेरा पंप, आणि ७०० मिलीच्या हिशेबानं पंपाला ५२ मिली. तुमचा गडी भरभर चालणारा असेल आणि ४ लिटरच लागलं, तर एकरी १६० लिटर होतं आणि पंपाला ६५ मिली पडतं. त्याला ५२ चं माप दिलं तर एकराला साडेपाचशेच मिली जातं आणि दोष औषधाला लागतो. उगवणीपूर्वी मारताना पाणी एकरी २०० लिटरच्या खाली नको, म्हणजे या गड्याची चाल थोडी कमी करून घ्यायची. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट वापरा, कीटकनाशकाचं गोल फवारा देणारं नको. मागे मागे सरकत मारा, म्हणजे फवारलेल्या थरावर पाय पडत नाही.

सोयाबीनमध्ये उगवणीपूर्वीसाठी पेंडिमेथॅलिनशिवायही पर्याय आहेत. तुमच्याकडे केना जास्त असेल (झडीच्या वर्षी असतोच) तर मेटोलाक्लोर ५० ईसी एकरी ८०० मिली त्याला जास्त चांगलं धरतं. केन्याबद्दल एक लक्षात ठेवा. तो वर फुलतो तसा जमिनीखालीही फुलतो आणि तिथे बी धरतो, शिवाय कापलेला कांडीचा तुकडा ओल्या मातीत पुन्हा मुळं धरतो. ग्लायफोसेटलाही तो पुरता दाद देत नव्हता. बऱ्याच रानांत केना वाढला तो त्यामुळेच, बाकी तण गेलं आणि त्याला जागा मोकळी मिळाली. झडीत निंदलेला केना धुऱ्यावर नाही, शेताबाहेर उन्हात फेका.

पुढचा टप्पा पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांचा. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिली, तण दोन-तीन पानांवर असताना, सोबत मिळणारं चिकटद्रव्य घालूनच. हेच औषध वर्षानुवर्षं मारलं की त्याला न जुमानणारं तण रानात उरतं आणि वाढतं, म्हणून एक वर्षाआड बदल करा. फ्लुअॅझिफॉप आणि फोमेसाफेनचं जोडऔषध एकरी ४०० मिली हा एक बदल. त्यानं सोयाबीनची पानं थोडी करपतात, घाबरून त्यावर टॉनिक मारत बसू नका, आठ-दहा दिवसांत नवीन पान स्वच्छ येतं. इमॅझेथापायरचा अंश जमिनीत राहतो. मागून हरभरा चालतो, पण मोहरी किंवा भाजीपाल्याचा विचार असेल तर त्या तुकड्यात ते टाळा. आणि ते कपाशीवर उडू देऊ नका.

कपाशीत सगळा घोळ तुरीमुळे होतो. निव्वळ कपाशी असती तर उत्तर सोपं होतं: २० ते २५ दिवसांनी रुंद पानांच्या तणासाठी पायरिथायोबॅक सोडियम १० टक्के एकरी २५० ते ३०० मिली आणि गवतासाठी क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के एकरी ४०० मिली. कपाशी तीनचार दिवस पिवळसर दिसते आणि सावरते. पण पायरिथायोबॅक तुरीला चालत नाही. उलट सोयाबीन-तुरीतलं इमॅझेथापायर कपाशीला चालत नाही. म्हणजे कपाशी-तूर एकत्र असलेल्या रानात उगवणीनंतर मारता येतं ते फक्त गवतावरचं क्विझालोफॉप. माठ, कुरडू, दुधी, घोळ यांना डवरा आणि निंदणीच.

इथे माझा स्पष्ट कौल असा: कपाशीतले तुरीचे तास काढा आणि तेवढीच तूर सलग पट्ट्यात शेताच्या एका कडेला घ्या, नाहीतर सोयाबीनमध्ये न्या. सोयाबीन-तूर एकाच औषधाखाली निभतात, कपाशी-तूर नाही. तुरीचे तास कपाशीत ठेवायला कारणं असतात हे मान्य. कपाशी बुडाली तर तूर हाताशी राहते, आणि पट्ट्यात तूर घेतली तर तेवढी जागा वेगळी द्यावी लागते. ज्यांच्याकडे घरची बैलजोडी आणि घरातली दोन-तीन माणसं आहेत त्यांनी तास तसेच ठेवले तरी चालेल. जे सगळं भाड्यानं करतात त्यांना ते परवडणार नाही.

डवरणी. औषधांची एवढी नावं घेतल्यावर हे सांगणं विचित्र वाटेल, पण ग्लायफोसेटनंतर सगळ्यात मोठा भार डवऱ्यावरच येणार आहे. कपाशीत पहिली डवरणी १८ ते २० दिवसांनी, मग दर बारा-पंधरा दिवसांनी, एकूण तीन. सोयाबीनमध्ये दोन, दुसरी फुलं लागायच्या आत, नंतर शिरलात तर मुळं तुटतात. उगवणीपूर्वीचं औषध मारलं असेल तर पहिली डवरणी चार-पाच दिवस लांबवा, उगाच तो थर मोडू नका. तणाचं दोन पान दिसतंय तेव्हा डवरा सगळ्यात स्वस्त पडतो. चार इंच झालं की डवरा नुसता वरून सरकतो आणि मुळासकट गवत पुन्हा उभं राहतं. डवरणीनंतर चार-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. संध्याकाळी आभाळ भरलेलं असताना केलेली डवरणी म्हणजे तणाची पुनर्लागवड. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळा, माती ओळीच्या बुडाशी चढते आणि झाडाजवळचं बारीक तण गाडलं जातं. तेच तण निंदायला सगळ्यात जास्त बाया लागतात.

डवरा चालायचा तर ओळी तशा हव्यात. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं सोयाबीन १२-१४ इंचांवर पेरलं की पुढे डवरा शिरत नाही आणि माणूस औषधावर बांधला जातो. १८ इंच ठेवा. बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर आणखी चांगलं: झडीचं पाणी सरीतून निघून जातं, वापसा लवकर येतो आणि सरीतून फवारायला चालता येतं. यंत्र नसेल तर दर सहा ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा आणि पंचवीस दिवसांनी तिथे डवऱ्याला दोरी बांधून सरी पाडा. बैल नसतील तर सायकल कोळपं लहान तणावर एकट्या माणसाला जमतं, पण दिवसाला अर्धा-पाऊण एकर धरा. पॉवर वीडर कपाशीत चांगला चालतो, सोयाबीनमध्ये अडचणीचा. आणि ओल्या काळ्या मातीत त्याच्या पात्यांना गोळे चिकटतात, त्यामुळे झडीनंतर तो डवऱ्यापेक्षा लवकर चालेल या भ्रमात राहू नका. वापसा येईल त्या दिवसासाठी जोडी किंवा यंत्र आधीच बोलून ठेवा. सगळं गाव त्याच दिवशी मागणार आहे.

एवढं करूनही एखाद्या वर्षी ऑगस्टमध्ये कपाशी तणात जाईल. तेव्हा लेबलात कपाशी असलेलं औषध म्हणजे ग्लुफोसिनेट अमोनियम १३.५ टक्के, एकरी १ ते १.३ लिटर, दोन तासांमधून. पण त्याला ग्लायफोसेटसारखं वागवू नका. ते जिथे पडतं तेवढंच जाळतं, मुळात उतरत नाही. म्हणून भरपूर पाणी, तण पूर्ण भिजलं पाहिजे, आणि फवारणी सकाळी उघडीप पाहून. ढगाळ, गार दिवसात ते संथ पडतं. नोझलला हूड (टोपण) हवाच आणि ते जमिनीलगत ठेवायचं. कपाशीच्या हिरव्या खोडावर पडलं तरी जखम होते, त्यामुळे बुडाशी खोड तपकिरी झाल्याशिवाय मारू नका. तोवर तणही मोठं झालेलं असतं. खर्चही ग्लायफोसेटपेक्षा बराच जास्त. याला दरवर्षीचा बेत करू नका.

पॅराक्वाट सुचवत नाही. ते मिळतं, स्वस्त आहे, काही तासांत तण करपतं. पण पोटात थोडं जरी गेलं तरी त्यावर उतारा नाही, आणि आपल्याकडे उघड्या अंगानं, गळक्या पंपानं फवारणारे हात बहुतेक वेळा मजुराचे असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं लोक गेले, ती कीटकनाशकं होती, पण फवारण्याची पद्धत हीच होती.

याहून मोठा धोका मला टू-फोर-डीचा वाटतो, कारण ग्लायफोसेट गेल्यावर धुऱ्यासाठी लोक त्याच्याकडे वळतात. कपाशी त्याला इतकी नाजूक आहे की धुऱ्यावर मारलेलं वाऱ्यानं आलं तरी पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात, पात्या गळतात. तुमची नाही तर शेजाऱ्याची. पंपात उरलेला अंशही पुरतो. कपाशी असलेल्या शिवारात ते नकोच. कधी ज्वारी-मक्यात मारायची वेळ आली तर पंप कायमचा वेगळा ठेवा, धुऊन भागत नाही.

धुऱ्याला खरं तर औषधाची गरज नसते, फुलायच्या आधी कापायची गरज असते. ब्रश कटरनं जुलैअखेर एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा, बस. धुरा उघडा बोडका केला की तिथे पहिल्यांदा येतं ते गाजरगवत. त्याजागी तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेकून द्या, तो दाट उगवतो आणि गाजरगवताला वर येऊ देत नाही. गाजरगवत खाणारे झायगोग्रामा भुंगे पावसाळ्यात कामाला येतात, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून ते सोडण्यासाठी मिळतात. उपटायचं असेल तर हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

आता तो हराळीचा अर्धा एकर. तिथे यंदा कपाशी लावू नका. एप्रिलमध्ये आडवी-उभी नांगरट, मेमध्ये दोनदा वखर, वर आलेल्या काशी वेचून धुऱ्यावर वाळवा. शेणखताच्या खड्ड्यात टाकल्या तर पुढच्या वर्षी सगळ्या शेतात पसरतील. जूनमध्ये ताग दाट पेरा, एकरी २० ते २५ किलो बी. हराळीला सावली सोसत नाही, आणि पन्नास दिवसांचा ताग गाडला की जमिनीलाही खाद्य मिळतं. अर्धा एकर अडकवायचा नसेल तर सोयाबीन घ्या आणि क्विझालोफॉप दोनदा मारा, वीस दिवसांच्या अंतरानं. ते हराळीला दाबतं, मारत नाही. दोन उन्हाळे धरा.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात; वरची गाठ तुटली की खालच्या झोपलेल्या जाग्या होतात, म्हणून एकदाच निंदलेला लव्हाळा जास्त दाट येतो. त्याच्यावर चालणारं हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के (एकरी ३६ ग्रॅम) ऊस आणि मक्यात वापरता येतं, कपाशी-सोयाबीनमध्ये नाही. म्हणजे लव्हाळ्याचा तुकडा असेल तर तिथे एक खरीप मका घेणं हाच औषधाचा रस्ता. त्यामागे कोणतं पीक किती दिवसांनी पेरायचं ते बाटलीसोबतच्या पत्रकावर पाहून ठरवा. कुंदा नांगराच्या खालून फुटतो, तो थोडा असेल तर उन्हाळ्यात कुदळीनं खणूनच काढा.

हरभऱ्याचं थोडक्यात. सोयाबीन काढल्यावर पूर्वी फवारून लगेच पेरत असाल. आता एक वखर लागेल आणि वखरानं ओल उडते, म्हणून सकाळी वखर आणि त्याच दिवशी पेरणी. हरभऱ्यात रुंद पानांच्या तणावर उगवणीनंतर भरवशाचं काही नाही, त्यामुळे पेंडिमेथॅलिन ३० ईसी एकरी १ लिटर पेरणीनंतर लगेच. वरची माती कोरडी असेल तर तुषारची एक हलकी पाळी द्या, नाहीतर मारू नका, पैसे मातीत जातील.

तुम्ही विचारलंय त्यात नाही, पण हे वाचणाऱ्यांत विना-नांगरणीवाले असतील, एसआरटी (सगुणा) पद्धतीनं भात किंवा इतर पिकं घेणारे. त्यांची अडचण तुमच्यापेक्षा मोठी आहे. रान न मोडता उभं तण मारून त्याचंच आच्छादन करायचं हा त्या पद्धतीचा कणा, आणि तो ग्लायफोसेटवर होता. त्यांना वखर सांगणं म्हणजे पद्धतच सोडायला सांगणं. ब्रश कटरनं जमिनीलगत कापणं, मधल्या काळात ताग-चवळीसारखं दाट पीक ठेवून तणाला उजेडच मिळू न देणं आणि उगवणीपूर्वीच्या औषधावर जास्त भिस्त ठेवणं यातून वार्षिक तण निभतं. हराळी शिरलेली असेल तर तेवढ्या पट्ट्यापुरती एकदा नांगरट करून घेण्यात कमीपणा मानू नये.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी मीठ-युरिया-चुन्याची कृती शेतात आणू नका. मीठ तण करपवतं खरं, पण काळ्या जमिनीत सोडियम साठला की ती भिजल्यावर चिकट आणि वाळल्यावर दगड होते. ‘जैविक तणनाशक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक आणि नोंदणी क्रमांक न छापलेल्या बाटल्याही तशाच परत ठेवा.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण तो तुमच्या गावातल्या मजुरीवर आहे. हिशेब मात्र असा करा: उगवणीपूर्वीचं एक औषध, एक उगवणीनंतरचं आणि दोन डवरण्या यांची बेरीज एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तुमच्याकडच्या ठोक दरानं दोन निंदण्या. गावात बाया मिळत असतील आणि कपाशी दोनच एकर असेल तर निंदणी स्वस्त पडू शकते. पाच एकरांना ऐन झडीनंतरच्या आठवड्यात बाया मिळतील का, हे तुम्हालाच ठाऊक.

दोन गोष्टी कळवा, त्यावर कपाशीचा भाग नेमका करून सांगता येईल: कपाशीच्या किती तासांनंतर तुरीचा तास आहे, आणि कपाशीची ठोकणी तीन फुटांवर करता की चार. चार असेल तर पहिल्या दोन डवरण्या उभ्या-आडव्या होतात का तेही बघा. होत असतील तर निंदणी निम्म्यावर येते आणि तुरीचे तास काढायचे की नाही, हा प्रश्न पुन्हा नव्यानं मांडावा लागेल.